सूक्ष्मदर्शक यंत्र: त्याची अंगे व त्याची साक्ष

नाशिक शहराच्या दक्षिणेकडे इंदिरानगर नावाची मोठी वस्ती आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, सिन्नर इत्यादी तालुक्यांतून जे आजारी लोक उपचारासाठी नाशकास येतात, त्यांपैकी पुष्कळांस अशा एखाद्या वस्तीतील लॅबची किंवा सरकारी दवाखान्याची पायरी चढावी लागते. तेथे बोटास सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, अथवा झाकणाच्या डबीत बेडका द्यावयास सांगतात. मग घटकाभराने किंवा दुसऱ्या दिवशी एक छापील कागद हाती पडतो. कागदाचा अर्थ डॉक्टर सांगतात. परंतु आतल्या खोलीत काय घडले हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून गावी परतल्यावर कोणी म्हणतो, "मशीनने सांगितले." कोणी म्हणतो, "पैशासाठी काहीतरी लिहून दिले." आणि दुखणे लांबले म्हणजे कोणी हळूच म्हणतो, "हे डॉक्टरी दुखणे नव्हे. शेजारणीची नजर आहे."

प्रिय वाचकहो, ह्या तिन्ही बोलण्यांस अज्ञानाचा आधार आहे, आणि तिसऱ्या बोलण्याने तर निरपराध माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. यास्तव आतल्या खोलीतील एका जुन्या व विश्वासू यंत्राची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची, ओळख करून घेणे आपणांस, व विशेषेकरून जे उपदेशक आजाऱ्यांबरोबर दवाखान्यात जातात त्यांस, अगत्याचे आहे. ह्या यंत्रास वाचा नाही. पाहणारा मनुष्यच असतो. यंत्र त्यास पाहण्यास साह्य करते. ते साह्य खरे व्हावे, पाहणाऱ्याकडून खोटी साक्ष घडू नये, ह्यासाठीच त्याचे एकेक अंग योजिलेले आहे. हाच आजच्या पाठाचा मुद्दा होय.

उघड्या डोळ्यास किती दिसते

देवाने दिलेला डोळा मोठे आश्चर्य आहे, तरी त्यास मर्यादा आहे. मोजपट्टीवरील एका मिलिमीटरचे 10 भाग करा. त्यांतील एका भागापेक्षा कमी अंतरावर दोन ठिपके असले, तर डोळ्यास ते दोन न दिसता एकच दिसतात. ह्याहून बारीक वस्तू मोजण्यासाठी विद्वानांनी मायक्रॉन नावाचे माप घेतले आहे. एका मिलिमीटरचे 1000 मायक्रॉन होतात. मनुष्याचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. रक्तातील तांबड्या पेशीची रुंदी 7 ते 8 मायक्रॉन असते. क्षयरोगाचा जंतू 2 ते 4 मायक्रॉन लांब असून त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनपेक्षा अधिक नसते. अर्थात शंभर जंतू एकापुढे एक मांडले, तरी त्यांची रांग अर्धा मिलिमीटरही भरावयाची नाही.

भिंगाने वस्तू मोठी दिसते हे आपणांस ठाऊकच आहे. अळूच्या पानावर दवाचा थेंब असला, तर त्याखालील शिरा जाड दिसतात. थेंबाचा पृष्ठभाग फुगीर असतो. त्यातून जाताना प्रकाशाचे किरण वाकतात, आणि डोळ्यास वस्तू मोठी भासते. हॉलंड देशातील डेल्फ्ट गावी आंतोनी फान लेव्हेनहूक (1632 ते 1723) नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याने स्वहस्ते लहान लहान भिंगे घासून तयार केली, व एकाच भिंगातून तळ्याचे पाणी पाहता त्यास त्यात हालचाल करणारे असंख्य जीव दिसले. तो विद्यापीठात शिकलेला नव्हता. परंतु जे दिसले तेच त्याने लिहिले, आणि लंडनच्या विद्वानांनी पडताळून पाहिल्यावर ते खरे ठरले. त्यापूर्वी 1665 साली रॉबर्ट हूक ह्या इंग्रज विद्वानाने बुचाच्या पातळ कापात लहान लहान कोठड्या पाहून त्यांचे चित्र छापले होते. हूकाचे यंत्र एकाहून अधिक भिंगांचे होते, आणि आजचे सूक्ष्मदर्शक यंत्र त्याच वंशातील आहे.

यंत्राची अंगे

आता यंत्र समोर ठेविले आहे असे समजून खालून वर जाऊ.

1. बैठक व बाहू. सर्वांत खाली जड बैठक असते, व तिच्यातून वर वळलेला बाहू निघतो. यंत्र हलले तर आतील चित्र हजारपट हलते. म्हणून बैठक मुद्दाम जड केलेली असते. यंत्र उचलताना एक हात बाहूस धरावा व दुसरा बैठकीखाली घालावा. एका हाताने उचलून नेणे हे निष्काळजीपणाचे लक्षण होय.

2. आरसा किंवा दिवा. पाहावयाच्या वस्तूतून प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणून तो खालून सोडितात. जुन्या यंत्रास ह्यासाठी दोन तोंडांचा आरसा असतो, एक बाजू सपाट व दुसरी खोलगट. हल्लीच्या यंत्रांत विजेचा दिवा असतो. ज्या शाळेत आरशाचे यंत्र आहे, तेथे आरसा खिडकीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे वळवावा. सूर्याकडे कधीही वळवू नये. भिंगांतून एकवटलेले ऊन डोळ्यास कायमची इजा करील.

3. प्रकाश एकवटणारे भिंग व पडदा. मंचाच्या खाली एक भिंग असते, त्यास कंडेन्सर म्हणतात. पसरलेला प्रकाश गोळा करून तो वस्तूवर नेमका पाडणे हे त्याचे काम. त्याबरोबर लहानमोठा करता येणारा पडदा असतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जितका प्रकाश अधिक तितके बरे दिसेल, असे नवशिक्यास वाटते. पण रंग न दिलेला पारदर्शक जीव फार प्रकाशात नाहीसा होतो, जशी भर दुपारी पांढऱ्या वाळूत पडलेली पांढरी शिंपली दिसत नाही. पडदा थोडा मिटताच त्याच्या कडा उमटतात. उलटपक्षी, रंग दिलेले बारीक जंतू सर्वांत मोठ्या भिंगातून पाहावयाचे तर पडदा उघडावा व कंडेन्सर वर चढवावा लागतो. प्रकाश किती हवा हे वस्तू ठरविते, पाहणाऱ्याची हौस नव्हे.

4. मंच. ही मधोमध भोक असलेली सपाट पाटी. तिच्यावर काचपट्टी ठेवितात व ती घसरू नये म्हणून चिमट्याने धरितात. चांगल्या यंत्रात काचपट्टी थोडथोडी सरकविण्यासाठी दोन चाके असतात. शेत नांगरताना जसे एका तासाला लागून दुसरे तास धरितात, तशी काचपट्टी ओळीने पाहावी लागते. इकडे तिकडे चार ठिकाणी पाहून "काही नाही" असे म्हणणाऱ्याने शेत पाहिलेच नाही.

5. पदार्थभिंगे. मंचाच्या वर फिरती चकती असते, व तीत तीन-चार लहान नळ्या बसविलेल्या असतात. त्यांच्या टोकाशी पाहावयाच्या पदार्थाजवळची भिंगे असतात. म्हणून त्यांस पदार्थभिंगे म्हणतात. त्यांवर 4, 10, 40, 100 असे आकडे कोरलेले असतात. तितक्या पटींनी ते भिंग चित्र वाढविते. आरंभ नेहमी लहान आकड्याने करावा. गाव शोधताना मनुष्य आधी टेकडीवरून सारा मुलूख पाहतो, मग वाट धरितो, आणि शेवटी घराचे दार ओळखतो. येथेही तोच क्रम आहे.

6. नळी व नेत्रभिंग. पदार्थभिंगाने तयार केलेले उलटे चित्र नळीत पडते, आणि डोळ्याजवळचे नेत्रभिंग त्यास पुन्हा मोठे करून दाखविते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण वाढ. नेत्रभिंग 10 पटींचे व पदार्थभिंग 40 पटींचे असेल तर वस्तू 400 पटींनी मोठी दिसते. पदार्थभिंग 100 पटींचे असेल तर 1000 पटींनी. चित्र उलटे असल्यामुळे काचपट्टी डावीकडे सरकविली की ती उजवीकडे गेलीशी दिसते. नवशिका येथे गोंधळतो. सवयीने हात आपोआप शिकतो.

7. दोन स्क्रू. बाहूच्या बाजूस एक मोठा व एक लहान असे दोन फिरते स्क्रू असतात. मोठ्याने मंच किंवा नळी भराभर वरखाली होते. लहान्याने केसभर सरकते. मोठ्याने चित्र सापडते, लहान्याने ते स्वच्छ होते. 100 पटींचे भिंग काचपट्टीच्या इतके जवळ येते की मध्ये नखाएवढीही जागा उरत नाही. तेथे मोठा स्क्रू फिरविला तर काच फुटते व भिंगास चरा पडतो. म्हणून भिंग जवळ आणताना बाजूने डोळा ठेवून पाहावे, आणि मग नेत्रभिंगातून पाहत लहान स्क्रूनेच काम करावे. मोठी शक्ती हाती आली म्हणजे हालचाल लहान करावी, हे ह्या यंत्राचे शील आहे.

ह्यांतील एकही अंग एकट्याने उपयोगी पडत नाही. उत्तम भिंग असून प्रकाश नसेल तर अंधार. प्रकाश असून स्क्रू सैल असेल तर धुके. करिंथ येथील मंडळीस लिहिताना पौलाने शरीराच्या अवयवांचा जो दृष्टांत दिला, त्याचा अर्थ ह्या लोखंड-काचेच्या शरीरातही पाहावयास मिळतो. ज्या आरशाकडे कोणी पाहत नाही, त्याच्यावाचून नेत्रभिंगाची थोरवी व्यर्थ आहे.

काचपट्टी, रंग व तेल

यंत्र कितीही चांगले असो, काचपट्टी नीट केली नाही तर सर्व श्रम फुकट. तव्यावर धिरडे पातळ व सारखे पसरावे लागते, तसा बेडका काचपट्टीवर पसरितात, वाळवितात, आणि ज्योतीवरून फिरवून पक्का करितात. क्षयाचा जंतू रंगावाचून ओळखता येत नाही. म्हणून काचपट्टीवर तांबडा रंग घालून खालून ऊब देतात. मग आम्लाने धुतात. शेवटी निळा रंग देतात. इतर जंतू व पेशी आम्लाने आपला तांबडा रंग सोडितात व निळा घेतात. क्षयजंतूच्या अंगावर मेणासारखे आवरण असल्यामुळे तो एकदा घेतलेला रंग आम्लासही सोडीत नाही. कच्चा रंग कोणता व पक्का कोणता हे धुण्याशिवाय कळत नाही, हे रंगाऱ्यास ठाऊक असते. तीच ही परीक्षा. निळ्या भूमीवर बारीक तांबड्या काड्या दिसल्या म्हणजे पाहणारा त्या मोजून नोंद करितो.

शेवटी काचपट्टीवर तेलाचा एक थेंब टाकितात. तो कशासाठी? काठी पाण्यात बुडविली तर ती पाण्याच्या पृष्ठाशी वाकलेली दिसते. कारण एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वळतो. तसाच काचेतून हवेत निघताना तो वळतो, व पुष्कळ किरण भिंगाच्या बाहेर फाकतात. ह्या कामाचे तेल प्रकाशास जवळजवळ काचेसारखेच वळविते. म्हणून काच, तेल व भिंग ह्यांतून किरण न फाकता सरळ आत जातात. पूर्वी देवदाराच्या जातीच्या झाडाचे तेल वापरीत. आता कृत्रिम तेलेही मिळतात. काम संपल्यावर भिंग मऊ कागदाने पुसले पाहिजे, नाहीतर तेल सुकून पुढील साक्ष धूसर होते.

मळ कोठे आहे?

पाहताना मध्येच एक काळा ठिपका दिसला, तर तो जंतू आहे की धूळ? येथे अनुभवी मनुष्य लगेच निर्णय देत नाही. तो आधी काचपट्टी किंचित सरकवितो. ठिपका तिच्याबरोबर सरकला तर तो काचपट्टीवरच आहे. न सरकला तर तो नेत्रभिंग हाताने फिरवितो. ठिपका गोल फिरला तर मळ नेत्रभिंगावर, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याशीच आहे. दोन्हींनी हलला नाही तर पदार्थभिंग बदलून पाहतो. ठिपका नाहीसा झाला तर मळ त्या भिंगावर होता.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या डोळ्यातील बारीक कण काढू पाहणाऱ्यास प्रभूने डोंगरावरील प्रवचनात आधी स्वतःच्या डोळ्याकडे वळविले आहे. लॅबमध्ये काम करणारा, तो कोणत्याही धर्माचा असो, रोज हा नियम पाळितो; कारण आपल्या भिंगावरील मळास तो रोग म्हणून बसला, तर निरोगी मनुष्यास सहा महिने औषध खावे लागेल. मग आपण आपल्या संशयाच्या भिंगावरील मळ न पाहता शेजारणीच्या अंगी दोष लावावा काय?

आपल्या देशात ह्या यंत्राने दिलेली साक्ष

क्षय हा आईबापांकडून उतरतो, किंवा पूर्वकर्माचा भोग आहे, असे लोक पुष्कळ काळ समजत. 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख ह्यांनी त्या रोगाचा जंतू रंग देऊन दाखविला, आणि तो एका मनुष्यापासून दुसऱ्यास हवेवाटे लागतो हे समजण्याचा मार्ग मोकळा झाला.

1896 साली मुंबईत मांडवी भागात ताप येऊन काखेत व जांघेत गाठी उठू लागल्या. डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी हा प्लेग आहे असे ओळखून सांगितले. प्लेगचा जंतू अवघ्या दोन वर्षांपूर्वी, 1894 साली, हाँगकाँग येथे सूक्ष्मदर्शकाने सापडला होता. म्हणून ह्या वेळी शत्रूचे रूप वैद्यांस ठाऊक होते. डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईत राहून लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळ येथील संस्था आजही त्यांच्या नावाने चालते.

त्याच वर्षी, निजामाच्या ज्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता त्याच राज्यातील सिकंदराबाद येथे, रोनाल्ड रॉस नावाचे लष्करी डॉक्टर हिवतापाचे कारण शोधीत होते. 1880 साली लाव्हेरां ह्या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियात एका शिपायाच्या रक्तात हिवतापाचे जीव पाहिले होते. परंतु ते मनुष्याच्या अंगात शिरतात कसे, हे कळले नव्हते. हुसेन खान नावाच्या एका रोग्याने दर डासामागे एक आणा घेऊन डास चावू दिले, व रॉस ते डास चिरून यंत्राखाली पाहत. उकाडा भयंकर होता. वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखा चालविता येत नसे. कपाळाच्या व हातांच्या घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या एकुलत्या एका नेत्रभिंगास तडा गेलेला होता. 20 ऑगस्ट 1897 रोजी एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांस हिवतापाच्या जीवाच्या खुणेचे काळे कण दिसले. पुढे 1902 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तडा गेलेल्या भिंगातूनही चिकाटीने व प्रामाणिकपणे पाहणाऱ्यास सत्य दिसते, ही गोष्ट लहान गावांत अपुऱ्या साधनांनी सेवा करणाऱ्यांनी मनात धरण्याजोगी आहे.

मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस ह्यांनी 1894 साली मिशनचे रुग्णालय उघडिले. त्याच परिसरात वानलेसवाडी येथे पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. ज्या रोग्यास घरचेही जवळ घेत नसत, त्यास तेथे आश्रय मिळाला. रोगाचे कारण कळले म्हणजे रोग्याची किळस कमी होते, आणि सेवा कशी करावी हेही कळते.

साक्षीची मर्यादा

सत्य साक्षी आपण जे पाहिले नाही ते सांगत नाही. 1873 साली अर्न्स्ट आबे ह्या जर्मन विद्वानांनी सिद्ध केले की प्रकाशाच्या स्वभावामुळेच ह्या यंत्रास मर्यादा आहे; सुमारे 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यास वेगळे दिसत नाहीत. भिंगे वाढवीत गेल्याने चित्र केवळ मोठे होईल, स्पष्ट होणार नाही. गोवर किंवा कोरोना ह्यांचे विषाणू ह्या यंत्रात दिसत नाहीत ते ह्यामुळेच.

दुसरी मर्यादा अशी की बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे 5,000 ते 10,000 जंतू असल्यावाचून ते काचपट्टीवर सहसा सापडत नाहीत. म्हणून "जंतू नाहीत" असे लिहिण्यापूर्वी निदान 100 जागा पाहण्याचा नियम आहे, आणि एकच नव्हे तर दोन वेळचा बेडका मागतात. लहान मुलांचा, हाडांचा किंवा गाठींचा क्षय बेडक्यात पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून आज जंतूच्या अंतर्द्रव्यावरून त्यास ओळखणाऱ्या नव्या चाचण्या आल्या आहेत. त्यांपैकी ट्रूनॅट नावाची चाचणी गोव्यातील कंपनीने तयार केली असून 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. ही चाचणी औषधास न जुमानणारा जंतूही दाखविते. तरी औषध चालू असताना गुण किती येत आहे हे पाहण्यासाठी, आणि हिवतापाच्या तपासणीसाठी, सूक्ष्मदर्शकाचे काम संपलेले नाही.

उपदेशकांचे कर्तव्य

आता हे ज्ञान गावात कसे उपयोगी पडावे ते सांगतो.

ज्यास दोन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी ताप येतो, वजन घटते, किंवा बेडक्यात रक्त पडते, त्यास प्रार्थनेबरोबर तपासणीसही न्यावे. बेडका सकाळी, तोंड पाण्याने धुऊन, मोकळ्या हवेत, छातीतून खोकून द्यावा. तोंडातील लाळ थुंकून दिली तर यंत्र काहीच सांगू शकत नाही, आणि "काही निघाले नाही" असा खोटा धीर मिळतो. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषध विनामूल्य आहे. साध्या क्षयाचे औषध सहसा सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून ते सोडणाऱ्याच्या अंगी हट्टी जंतू वाढतात.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील आदिवासी बांधवांत सिकलसेल नावाचा रक्ताचा विकारही आढळतो. त्यात प्राणवायू कमी पडला म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलास असह्य वेदना होतात. रक्ताच्या थेंबात हे विळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हा रोग मुलास होतो तेव्हा त्याचा एक अंश आईकडून व एक अंश बापाकडून आलेला असतो, आणि बहुधा ते दोघेही स्वतः निरोगी असतात. तरीही पुष्कळ घरांत सर्व दोष सुनेवर येतो. किंवा पाड्यावरील एखाद्या म्हाताऱ्या विधवेस भुताळीण ठरवून तिला मारहाण होते. आपल्या मंडळीतील माणसेही अशा वेळी गप्प बसतात, आणि काही तर त्या कुजबुजीत सामील होतात. हे दुःखाने लिहावे लागते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही आरोप नाकारले, आणि त्या मनुष्यास बरे करण्याच्या कामास हात घातला. शिष्य दोष शोधीत होते; प्रभु उपाय करीत होता. कोणास भुताळीण म्हणून छळणे हा महाराष्ट्रात 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. परंतु ख्रिस्ती मनुष्यास त्यापूर्वीपासूनच, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई सीनाय पर्वतावर झालेली आहे. जेव्हा गावात असा आरोप उठेल, तेव्हा उपदेशकाने त्या घरी जावे, आरोप झालेल्या स्त्रीच्या ओट्यावर सर्वांदेखत बसावे, आजाऱ्यास तपासणीस न्यावे, आणि परतल्यावर काचपट्टीवर काय दिसले ते लोकांस साध्या शब्दांत समजावून सांगावे.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न

1. सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालून का सोडितात? फार प्रकाशाने काय होते?
2. नेत्रभिंग 10 पटींचे व पदार्थभिंग 100 पटींचे असता एकूण वाढ किती?
3. मोठा स्क्रू व लहान स्क्रू ह्यांची कामे सांगा. मोठ्या भिंगापाशी मोठा स्क्रू का फिरवू नये?
4. क्षयजंतू तांबडा का राहतो व इतर निळे का होतात?
5. दिसलेला ठिपका कोठे आहे हे कोणत्या तीन रीतींनी ठरवितात? शेजाऱ्याविषयी मत बनविताना हा नियम कसा लावावा?
6. तुमच्या गावात दोन आठवड्यांहून अधिक खोकणारा कोण आहे? त्यास तपासणीस कोण नेईल, आणि कोणत्या वारी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून सभा संपवू नये.